राग मरणाचा नसतो ओ
आवडतं पात्र मारलं की वाचक चिडणारच, असं एका लेखात म्हटलंय. अर्धंच खरं. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-सफरीच्या कथामालेतला लाडका स्पॉक मरणार ही बातमी १९८२ च्या चित्रपटाआधीच फुटली, चाहते खवळले. मग चित्रपटवाल्यांनी सुरुवातीलाच सरावाच्या लुटुपुटूच्या लढाईत त्याला पाडला. प्रेक्षक गाफील. शेवटी तो खरोखर किरणोत्सर्गात शिरून यानाचं इंजिन दुरुस्त करतो नि मरतो. मध्ये काच, पलीकडं त्याचा कप्तान मित्र कर्क, तळव्याला तळवा लागत नाही. कारण, किंमत, निरोप, तिन्ही आहेत. यातलं एक गळालं की वाचक बिथरतो. १९८४ च्या पुढच्या चित्रपटात त्याला परत जिवंत आणला, तिथं मरण स्वस्त झालं. बाकी आपल्या बेळगाव-खानापूरकडं वाचनालयात एखाद्या कादंबरीमालेचा तिसरा भाग आधी हाती लागला, तर दुसऱ्यातलं मरण पहिल्याच पानावर फुटतं. त्याला लेखक काय करणार की!