निळा चालत नाही

भारताची जर्सी घातली म्हणून भर स्टेडियमात जाब द्यावा लागेल असं वाटलं नव्हतं. जर्मनीतलं डॉर्टमुंड. ऑफिसातल्या मित्राच्या घरी ऐन वेळी पाहुणे आले आणि त्याचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं. बावीस जणांनी दीड तास धावायचं आणि शेवटी शून्य-शून्य, हे फुटबॉलबद्दलचं माझं मत. पण फुकट तिकीट, त्यावरच ट्रेनचा प्रवासही फुकट. मराठी माणूस नाही कसा म्हणेल?

दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये जवळपास पंचवीस हजार लोक उभ्याने मॅच बघतात. सगळे क्लबच्या रंगात, पिवळे-काळे. त्यात मी, हळदीच्या ताटात शाई सांडावी तसा.

शेजारी सत्तरीचे एक आजोबा. बिनबाह्यांचं जीनचं जाकीट, त्यावर कापड दिसू नये इतके बिल्ले शिवलेले. माझ्या छातीकडे बघत मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे काय?"

"इंडिया. क्रिकेट."

"निळं आहे."

"दीडशे कोटी लोकांचं आहे."

"असेल. इथे चालत नाही."

निळा म्हणजे शाल्के, डॉर्टमुंडचा हाडवैरी फुटबॉल क्लब. तो क्लब तीसेक किलोमीटरवर, म्हणजे सीएसएमटीहून ठाणं गाठावं इतक्या अंतरावर. पण आजोबा त्याचं नाव उखाण्यातसुद्धा घेणार नाहीत. 'हेर्न-वेस्ट' म्हणतात, म्हणजे शेजारच्या हेर्न गावाची पश्चिम बाजू. तिकडचे लोक यांना 'ल्यूडेनशाइड-नॉर्ड' म्हणतात, म्हणजे ल्यूडेनशाइड नावाच्या छोट्या गावाची उत्तर बाजू. सत्तरीच्या माणसांनी हे करायचं!

मग त्यांनी आपला मफलर काढला, मला न विचारता माझ्या गळ्यात घातला आणि छातीवरचं 'इंडिया' नीट झाकलं. मफलरला मोहरीचा आणि सिगारेटचा वास. देशाचा इतका अपमान मी याआधी फक्त इमिग्रेशनच्या रांगेत सोसलाय.

पहिला हाफ रटाळ होता, त्यामुळे सुतकाच्या गोष्टी निघाल्या. त्यांची तारीख 27 मे 2023. जर्मन लीगच्या शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर जिंकले की विजेतेपद. माइन्झशी 2-2, पेनल्टी हुकली, बायर्न म्युनिक चॅम्पियन. मी 19 नोव्हेंबर 2023 काढली. सलग दहा विजय, अहमदाबाद, ट्रॅव्हिस हेड.

"दहा जिंकले, एक हरले?" आजोबांनी बोटांवर हिशेब केला. "मग चॅम्पियन तुम्हीच."

"फायनल होती हो."

"मूर्ख पद्धत."

वर्ल्ड कप आपला असल्याचा निकाल देणारा हा पहिला तटस्थ माणूस. मला एकदम भरून आलं. तेवढ्यात ते म्हणाले, "आमच्या त्या 27 मेलाच हेर्न-वेस्ट दुसऱ्या विभागात घसरले. देव आहे."

गोल व्हायला ऐंशीच्या पुढची मिनिटं उजाडली. ऑफसाइड तपासणार म्हणून आणखी जीव टांगणीला. आणि मग आकाशातून बिअर. निवेदक खेळाडूचं पहिलं नाव पुकारतो, जनता आडनाव गर्जते. मीही गर्जलो, उच्चार माझाच. "डॉर्टमुंड?" "आइन्स!" म्हणजे एक. समोरच्यांचा स्कोअर? "नुल!" म्हणजे शून्य. "डांके!" म्हणजे धन्यवाद, त्यावर जनतेचं "बिटे!", म्हणजे त्यात काय एवढं. बिटे तर मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या बाईने वळून बघितलं.

आपल्याकडे मॅचला पाण्याची बाटली दारातच काढून घेतात आणि आत पाणी चढ्या भावाने विकतात. तहानेने जीव गेला तरी चालेल, बाटली मैदानात पडता कामा नये. इथे बिअरचे ग्लास हवेत उडतात, त्यातला एक अख्खा माझ्या मानेतून खाली गेला, कुणाला काही नाही!

मी थंडीने कुडकुडतोय आणि आजोबा काय करत होते? वाकून पडलेले रिकामे ग्लास गोळा करत होते. प्रत्येक ग्लासावर अनामत असते. गोळा केलेल्यांत माझाही होता. तसं सांगितलं.

"गोल झाल्यावर सगळं सगळ्यांचं," म्हणाले, आणि पैसे घ्यायला एकटेच काउंटरकडे गेले.