पिंग बंद केलं म्हणजे गायब झालात असं नाही

एका लेखात म्हटलंय की विंडोजच्या फायरवॉलमधे पिंग (कॉम्प्युटर चालू आहे का हे बघायला पाठवलेला छोटा मेसेज) ब्लॉक केलं की कॉम्प्युटर नेटवर कुणाला दिसतच नाही, हे जरा जास्तच झालं. पिंग म्हणजे आयसीएमपीचा (नेटवर्कवर चौकशीचे आणि अडचणींचे निरोप देणारा प्रोटोकॉल) टाइप 8, म्हणजे इको रिक्वेस्ट, त्याचं उत्तर टाइप 0, तुम्ही फक्त ते उत्तर बंद करताय, पोर्ट (प्रोग्रॅमचं नेटवर्ककडचं दार) उघडा असेल तर तो उघडाच राहतो आणि एनमॅप या टूलने स्कॅन करणारा पिंग वगळून थेट पोर्ट तपासू शकतो. त्यात घरी राउटर असेल तर आयपीव्ही4 (नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत) वर बाहेरून आलेलं पिंग बहुतेक वेळा राउटरपाशीच थांबतं, मग सेटिंग तिथे बदलायला हवी ना, विंडोजमधे बदलून काय उपयोग?

आणि इको रिक्वेस्ट तेवढी अडवा, सगळंच आयसीएमपी सरसकट ड्रॉप करू नका राव!! टाइप 3 कोड 4 (पॅकेट फार मोठं आहे, हा निरोप) अडवला की पाथ एमटीयू, म्हणजे वाटेत मावेल असं सगळ्यात मोठं पॅकेट केवढं, ते कळत नाही, मग साइट मस्त उघडते पण मोठी फाइल अपलोड करायला गेलं की मधेच लटकते आणि आपण बसतो नेटवाल्याला शिव्या घालत. आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) ची तर नेबर डिस्कव्हरीच (त्याच नेटवर्कवरची बाकी डिव्हाइस शोधणं) आयसीएमपीव्ही6 वर चालते, ते बंद केलं की आयपीव्ही6 चा बोऱ्याच वाजला. बाकी विंडोजमधे इको रिक्वेस्टचे रूल आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 साठी वेगवेगळे असतात, एक बंद करून दुसरा तसाच सोडू नका.