म्हणे, ‘गेलेला बल्ब काढा आणि वायरी पिळा’!

शनिवारी संध्याकाळी मामा जमिनीवर बसून ब्लेडने वायर सोलत होते. पुढ्यात बारीक बल्बांची जुनी माळ, शेजारी सेलोटेप. होय, कागदाला लावतो तो सेलोटेप. ‘हे काय चाललंय?’ विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. चार ग्रुपांवरून मलाही आलेला तोच मेसेज: एलईडीच्या माळा लावू नका, निळ्या किरणांनी डोळे जातात, त्यांच्या लुकलुकण्याने डोकं धरतं, त्यांत पारा असतो, युरोपात त्यांच्यावर बंदी आहे, वीज वाचते हे थोतांड आहे. सणाला जुन्या बल्बांचीच माळ लावा. बल्ब गेला तर तो काढून दोन्ही वायरी पिळून टाका, माळ आयुष्यभर चालेल.

आधी हे शेवटचंच घेतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर गैरसमज होईल, याने घर पेटेल.

या माळेत बल्ब एकामागोमाग एक, सीरिजमध्ये जोडलेले असतात. एका ओळीत ५० बल्ब असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला मेन लाइनच्या व्होल्टेजचा पन्नासावा भाग येतो. त्यातले १० काढून वायरी पिळल्या की तेच व्होल्टेज ४० जणांत वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकावर सव्वापट. बल्ब जास्त झगझगतात, मामा खूश होतात. पण ते जास्त तापतात आणि लवकर उडतात. मग आणखी एक काढा, आणखी एक पिळा, म्हणजे उरलेले आणखी तापतात. होल्डरचं प्लास्टिक मऊ पडायला लागतं, आणि माळ बहुधा पडद्यालाच टेकलेली असते. फ्यूज उडेल म्हणाल, तर करंट इतका थोडा वाढतो की बहुतेक वेळा फ्यूजला पत्ताही लागत नाही. शिवाय बल्ब इवल्याशा व्होल्टेजचा असला तरी माळ थेट मेन लाइनवर चालते. सेलोटेप सुटून त्या जोडाला हात लागला, तर शॉक मेन लाइनचाच बसणार. मामांच्या माळेत असे सात जोड मोजले मी. सात!

आता बाकीचं भराभर. पारा सीएफएलमध्ये आणि ट्यूबलाइटमध्ये असतो, एलईडीत नसतो. युरोपातल्या बंदीची गोष्ट तर बरोबर उलटी आहे. तिथे २००९ पासून टप्प्याटप्प्याने विक्रीतून काढले ते घरगुती पिवळे बल्ब, कारण त्यांच्यातली जवळजवळ ९० टक्के वीज नुसती उष्णता होऊन जाते. मेसेज लिहिणाऱ्याने बातमी वाचली असेलच, तर आरशात धरून वाचली असावी.

डोळ्यांबद्दल: युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ साली याच प्रश्नावर अहवाल दिला. एलईडीच्या नेहमीच्या वापराने निरोगी माणसाला थेट अपाय होतो, असा पुरावा त्यांना सापडला नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं निळ्या उजेडाला जास्त संवेदनशील असतात, हे मात्र त्यांनी नोंदवलंय. मग पांढऱ्याशुभ्र माळेऐवजी पिवळसर, ‘वॉर्म व्हाइट’ घ्या. तिच्यात निळा भाग कमी असतो. विषय संपला. बरं, लुकलुकण्याची तक्रार अगदीच खोटी नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. काही स्वस्त एलईडी माळा सेकंदाला पन्नास-साठ वेळा विझतात आणि पेटतात. पेटलेली माळ हातात धरून अंधारात झपकन फिरवा. उजेडाची सलग रेघ दिसण्याऐवजी तुटक ठिपके दिसले, तर ती त्यातली. कुणाकुणाचं डोकं धरतं त्याने. ती घेऊ नका.

आणि विजेचं ‘थोतांड’. शंभर बारीक बल्बांची माळ साधारण ४० वॉट खाते, तेवढ्याच एलईडीची ५ वॉटच्या आसपास. रोज ६ तास, २० दिवस लावली तर एकीला ४.८ युनिट, दुसरीला ०.६. फरक ४.२ युनिटांचा, म्हणजे दोन किलोवॉटचा गीझर दोन तास चालवल्याएवढा. एका माळेने बिल कोसळत नाही, हे मेसेजवाल्याचं अर्धं खरं. पण गॅलरी, जिना, खिडक्या धरून दहा माळा लावणाऱ्याने तोच आकडा दहापट करून बघावा. आणि मोठ्या बल्बांची माळ असेल, एकेक ५ ते ७ वॉटचा, तर नुसते २५ बल्ब दीडशे वॉटच्या घरात जातात.

मामांना हे सगळं सांगितलं. ‘अरे, पण चालतेय ना ती!’ म्हणाले. मग मी प्लग काढला आणि पक्कडीने माळेची वायर मुळापासूनच कापली. दोन दिवस धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी माळ आणली, अ‍ॅडॅप्टरवाली, पिवळसर. ती हातात धरून मी सांगितलं तशी अंधारात फिरवून बघितली आणि मग विचारलं, ‘जुन्यातले चांगले बल्ब तरी काढून ठेवलेस ना?’