थंडीत गाडी बंद पडते, ती क्लचमुळेच?

‘सकाळी पहिला गिअर टाकताच बाइक बंद पडली, तर नवशिक्याला क्लच जमत नाही,’ असा मेसेज पुण्यात फिरतोय. अर्धंच खरं आहे. डिसेंबरात इथे पारा दहा-बारावर येतो. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ऑइलही घट्ट असतं. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग) गाडीला चोक, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका, ओढा; थोडी गरम झाली की तो बंद करा. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या), फ्युएल इंजेक्शनवाल्या म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते काम सेन्सर करतात. मिनिटभर थांबा, मग हळू निघा. त्याच मेसेजमधलं ‘दहा मिनिटं रेस करा’ तर सोडूनच द्या; शेजारचे आजोबा गॅलरीत येतील, बस्स! गरम गाडीही बंद पडत असेल, तर मात्र क्लचचा सराव रिकाम्या मैदानात करा, कर्वे रोडवर नको.