मालकांचं उत्तर: हो, एफडीएची नोटीस आली होती

नमस्कार. ‘एफडीएची नोटीस लागलेलं हॉटेल सुरू कसं? ग्रेव्ही आंबट, तेल काळं’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. नोटीस आली हे खरं. ग्रेव्हीचंही मान्य. तेलाबाबत मात्र थोडं बोलायचं आहे.

नोटीस अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ ची, म्हणजे सुधारणा नोटीस होती. तीत त्रुटी लिहून किमान १४ दिवसांची मुदत देतात आणि तेवढ्यात हॉटेल सुरू ठेवता येतं. काम झालं नाही, तर परवाना निलंबित होऊ शकतो. लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका दिसला, तर कलम ३४ खाली बंदी येते. तशी ती आली नव्हती.

ग्रेव्हीला टोमॅटोचा आंबटपणा म्हणून हात झटकता आले असते, पण त्या दिवशीची तापमानाची नोंदच आमच्याकडे नाही. शिवाय आंबट लागली म्हणून तुम्हाला कळलं तरी. घातक जंतू वाढलेली ग्रेव्ही चवीला चांगलीही लागते. चूक अशी, की रात्री उरलेली ग्रेव्ही ३० लिटरच्या टोपासकट फ्रिजमध्ये जायची. टोप बाहेरून गार, पण मधला गोळा तासन्‌तास कोमट. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, आणि काहींचे बीजाणू, म्हणजे जंतूंचं टणक कवचातलं रूप, उकळीलाही दाद देत नाहीत.

आता ग्रेव्ही स्टीलच्या उथळ ट्रेमध्ये, जेमतेम दोन इंच थर राहील अशी ओततो आणि ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळतो. ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत, पुढच्या चार तासांत ५ च्या खाली. नाही उतरली, तर फेकायची. ट्रेवर तारीख-वेळेची पट्टी लागते. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढीच काढून खळखळून उकळायची. उरली तर ती परत फ्रिजमध्ये जात नाही.

फ्रिजच्या दाराचं रबरही फाटलेलं निघालं. बाहेरचा आकडा ४ दाखवत होता, कारण सेन्सर गार हवेच्या झोताजवळ. दाराशी ठेवलेलं पनीर ९ वर. रबर बदललं. घरीही बघता येईल: दारात नोट धरून दार लावा, ओढल्यावर अलगद सुटून आली तर रबर गेलं. मोरीची जाळी तुटकी होती, तीही नवी बसवली.

तेलाचं असं: कायद्यात रंगाची मर्यादा नाही, टोटल पोलर कंपाउंड्सची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या खराब घटकांची आहे, २५ टक्के. लाल तिखट लावलेले तुकडे तळले की तेल दोन घाण्यांतच काळवंडतं, आणि उजळ दिसणारं तेलही मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं. म्हणून मीटर लावतो, आणि २२ आलं की तेल बदलतो.

फेरतपासणीचा अहवाल काउंटरवर आहे, मागा आणि वाचा. त्या दिवसाचा बिल क्रमांक कळवलात, तर ग्रेव्हीच्या भाजीचे पैसे परत करतो.