‘स्रोत : गूगल’ लिहिलं म्हणजे स्रोत दिला असं होत नाही

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो : “चित्रांचं टेन्शन घेऊ नका. खाली ‘स्रोत : गूगल इमेजेस’ लिहा. शैक्षणिक कामाला कॉपीराइट नसतो. व्हिडिओची नुसती लिंक दिली तरी चालते. पेशंटचे डोळे काळ्या पट्टीने झाका, मग संमती लागत नाही.” सीनियर हे ज्युनियरला आपुलकीनेच सांगतात, त्यामुळे त्यावर कोणी शंका घेत नाही. पण यातलं एकही वाक्य बरोबर नाही.

आधी गूगल. ते शोधायचं साधन आहे, चित्र काढणारं कोणी दुसरंच असतं. करड्या गोळ्यावर लाल काटे असलेलं कोरोना विषाणूचं चित्र आठवा. ते २०२० साली अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या अ‍ॅलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या वैद्यकीय चित्रकारांनी केलं. सीडीसीच्या चित्रसंग्रहात ते सापडतं, सोबत श्रेयाची ओळही असते. तो सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो नाही, त्यातले रंग चित्रकारांनी निवडलेले आहेत. ‘स्रोत : गूगल’ वाचणाऱ्या परीक्षकाला यातलं काय कळणार? फोटो की चित्र, कोणाचं, कोणत्या साली, रंग खरे की दिलेले, सगळंच गुलदस्त्यात. तेच चित्रकारांची नावं, संस्था, संग्रहातला क्रमांक आणि वर्ष लिहिलं की कोणालाही मूळ चित्रापर्यंत जाऊन पडताळता येतं. हे लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता कॉपीराइट. १९५७ च्या आपल्या कायद्यातल्या कलम ५२ मध्ये सवलती आहेत हे खरं. खासगी अभ्यास-संशोधनासाठी रास्त वापर करता येतो, शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांना नक्कल करता येते. पण तोच प्रबंध लेख होऊन जर्नलकडे गेला की संपादक हक्कधारकाची लेखी परवानगी मागतात, आणि नेटरच्या शरीररचनेच्या अ‍ॅटलासमधली आकृती तिथेच अडकते. त्यापेक्षा सर्व्हिए या औषध कंपनीच्या वैद्यकीय चित्रसंग्रहासारखी, श्रेय देऊन वापरता येणारी मुक्त परवान्याची चित्रं आधीपासून घ्यावीत. दुसऱ्याची आकृती स्वतः पुन्हा काढली, तरी ‘अमुकच्या आकृतीवरून’ असं लिहावंच लागतं.

शिवाय कायद्याने सूट दिली म्हणून श्रेय देणं टळत नाही. हेन्री ग्रेच्या शरीररचनाशास्त्रावरच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टरने काढली. आतल्या शीर्षकपानाच्या प्रुफात त्याचं नाव ग्रेच्या नावाइतक्याच मोठ्या टाइपात होतं, ते ग्रेने लहान करायला लावलं. हाच कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होता. त्या चित्रांवरचा कॉपीराइट कधीच संपला आहे, ती कोणीही वापरू शकतो. तरीही चित्राखाली नुसतं ‘ग्रे’ लिहिलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. ज्याच्या हातून ती रेघ उमटली त्याचं नाव आजही लिहिता येतं.

व्हिडिओचं थोडक्यात. नुसत्या लिंकवरून तो कोणी टाकला, कधी टाकला, हे समजत नाही, आणि व्हिडिओ काढून टाकला की लिंकही मेली. चॅनेलचं किंवा व्यक्तीचं नाव, शीर्षक, तारीख, कुठे पाहिला, आणि संदर्भ देण्याची व्हँकुव्हर पद्धत असेल तर कधी पाहिला, एवढं द्यावं. चाळीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेतल्या एका टाक्याबद्दल लिहीत असाल तर नेमकं मिनिट-सेकंदही द्या, नाहीतर वाचणाऱ्याने शोधायचं तरी कुठे?

सगळ्यात गंभीर गोष्ट काळ्या पट्टीची. डोळे झाकल्याने ओळख पुरेशी लपत नाही, असं वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींतच लिहिलेलं आहे. हातावर गोंदलेलं नाव, कपाळावरचा व्रण, गळ्यातला ताईत यांवरून तालुक्याच्या गावात माणूस सहज ओळखू येतो. उपचारासाठी घेतलेली संमती छपाईला चालत नाही. ती वेगळी, लेखी आणि रुग्णाला कळेल अशा भाषेत घ्यावी लागते. ओळख पटण्यासारखी असेल, तर छापायचा मजकूर आधी रुग्णाला दाखवायचा असतो. आणि रुग्ण नको म्हणाला, तर तो फोटो वापरायचा नाही.