चार नट, एक काका

रविवारी वडिलांच्या यझदी मोटरसायकलच्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवायला घेतलं. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे एका गॅस्केटसाठी, म्हणजे हेडखालची फट बुजवणाऱ्या चकतीसाठी, नाना पेठ कशी पालथी घातली ते पुन्हा कधीतरी.

नट चारच. पण ओळीनं आवळायचे नाहीत. समोरासमोर, फुली मारल्यासारखे, थोडे थोडे करत. नाहीतर हेड वाकतं आणि कॉम्प्रेशन फटीतून फुसकन बाहेर. त्यासाठी मुद्दाम टॉर्क पाना आणला होता. ठरलेला जोर भरला की तो ‘टक्क’ म्हणतो.

पहिली टक्क झाली आणि मागून आवाज आला, “मोडलं वाटतं.”

दुसऱ्या मजल्यावरचे काका. एका हातात चहाचा कप, काखेत पेपर.

“मोडलं नाही काका. पाना सांगतोय, पुरे.”

“पान्याला काय कळतंय? मनगटाला कळतं. आमची 1969 ची जावा. इतक्या वर्षांत कधी आवाज नाही केला.”

“जावानं?”

“पान्यानं.”

मग काका कुकरवर घसरले. रिंग सैल झाली की वाफ कशी जाते, काकू शिट्ट्या मोजायला कशा विसरतात, परवा डाळ कशी करपली. उपमा गॅस्केटला चपखल बसत होती, म्हणून जास्तच राग आला. त्या नादात तिसरा नट दुसऱ्या फेरीत आवळला की नाही हेच विसरलो. चारही सैल केले, पहिल्यापासून सुरू.

“घाई केलीस,” काका म्हणाले.

तेवढ्यात कुरिअरवाला आला. ओटीपी सांगायला फोन हवा, फोन वर घरात. पाच मिनिटं गेली असतील. खाली येतो तर काका उकिडवे बसलेले, हातात माझा रिंग पाना.

“शेवटचा जरा हलका लागला. अर्धा आटा दिलाय.”

नटाला बोट लावलं. ताकात रवी फिरावी तसा फिरला. आटे गेले होते.

“बघ!” काका खुलले. “सैलच होता!”

माणूस लॅपटॉप उघडून बसला की घरातले टीव्हीचा आवाज कमी करतात. तोच माणूस पाना घेऊन जमिनीवर बसला की सार्वजनिक नळ होतो, कोणीही यावं आणि पिळून जावं. वर बोलायची सोय नाही. काका वडिलांचे मित्र. नवा स्टड, लेथवाल्याच्या चकरा, सगळं माझ्याच खिशातून.

आज लिफ्टमध्ये भेटले. “अजून उघडीच का रे गाडी? आम्ही सकाळी हेड उतरवून दुपारी फिरायला जायचो.”

मी दोनचं बटण दाबलं. दोनदा. जरा जोरातच.